चिंचेच्या ओल्या फांदीपासून पेन कातता येतील का?

प्रश्न (कोथरूड):
पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या चिंचेची एक जाड फांदी मला सोसायटीच्या परवानगीने मिळाली असून, तिच्या गाभ्याचा जांभळट तपकिरी रंग पाहून लेथवर (लाकूड फिरवत ठेवून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर) पेन कातण्याची फार इच्छा आहे. लाकूड अजून ओले आहे. ते कसे वाळवावे, आणि शाईच्या पेनासाठी ते योग्य ठरेल का?

उत्तर (हडपसर):
फांदी अखंड ठेवू नये, कारण ती वाळताना हमखास तडकते. अगदी मधला भाग वगळून सुमारे २० मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे कापावेत. टोकांवाटे ओल सर्वांत वेगाने निघून जात असल्याने दोन्ही टोकांना मेण लावावे आणि तुकडे सावलीत, हवा खेळेल असे रचावेत. अधूनमधून वजन करीत राहावे. ते घटायचे थांबले की लाकूड तयार झाले.

उत्तर (सदाशिव पेठ):
वरील सल्ला योग्य आहे. मात्र निब आणि फीड (निबेला शाई पुरवणारा भाग) जिथे बसतात, तो बोटांनी धरण्याचा भाग लाकडाचा करू नये; शाईच्या ओलीने लाकूड फुगते व डागाळते, म्हणून तो एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, घ्यावा. भोक पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा, अन्यथा उष्णतेने तुकडा चिरतो. बाभळीचाही अवश्य विचार करावा. बैलगाडीच्या चाकांसाठी पूर्वापार वापरले गेलेले ते लालसर, घट्ट लाकूड मला चिंचेहूनही अधिक प्रिय आहे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. तुकडे या रविवारीच कापतो.