दिवाडीतलं चिऱ्याचं घर: लोणा आणि शिंपल्यांच्या खिडक्या
(उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं: चिरेबंदी, पागोळी, जुनी खिडकी)

प्रश्न
गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं जुनं घर, सुट्टीत पर्यटकांना देतो. दोन वर्षांपूर्वी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केला. आता रंगाला फुगे आलेत, बोटाने खरवडलं की लाल भुकटी पडते. कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफिंग घालून पुन्हा सिमेंट मारू. करावं का? खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले काही शिंपले पडलेत, तिथे काच चालेल?

चिरेबंदी
सिमेंट अजिबात नको. चिरा, म्हणजे जांभा दगड, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते, सिमेंटमागे अडकते. मग क्षार आतच साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि चिरा भुगा होतो. वॉटरप्रूफिंगने ओल आणखी वर चढेल, एवढंच.

ऑक्टोबरात ओलीच्या फूटभर वरपर्यंत गिलावा छिन्नीने काढा. ब्रेकर लावू नका, चिऱ्याच्या कडा उडतात. सांधे इंचभर खरवडा. लोणा, म्हणजे भिंतीवर आलेले क्षार, कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत मुरतात. दोन महिने भिंत उघडी ठेवून झाडत राहा.

जानेवारीत गिलावा: चुना १, वाळू ३. चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. वाळू गोड्या पाण्याची, खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. पहिला थर १०-१२ मिमी, वरचा ३ मिमी. ओलं गोणपाट लावून आठवडाभर ओला ठेवा, नाहीतर भेगा पडतात. वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक रंग दिलात की सगळं मुसळ केरात.

कळीचा (न विरवलेला) चुना आणणार असाल तर फेरीबोटीवर गोण्या ताडपत्रीने झाका. पाणी लागलं की त्या भयंकर तापतात.

पागोळी
त्याआधी पाणी येतं कुठून ते बघा. डाग जमिनीपासून सलग असेल तर ओल खालची. वरून ओघळ असेल तर कौल फुटलंय. अंगणात पेव्हर घालताना जोतं बुजलं असेल तर भिंतीलगतची दोन फूट पट्टी उखडून खडी भरा, उतार बाहेर द्या.

जुनी खिडकी
काच नको. जड असते, बारीक पट्ट्यांना पेलत नाही, आणि तो दुधी उजेडही जातो. बहुधा शिंपला शाबूत असतो, कुजते ती लाकडी पट्टी. सागवानी पट्टी नव्याने खाच पाडून बसवा. शिंपले साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. व्हिनेगर किंवा ॲसिडने ते विरघळतात. शिंपल्यांची ही जात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून नवे शोधू नका. मागच्या खिडकीतले काढून पुढे लावा, मागे दुधी ॲक्रिलिक बसवा.

प्रश्न
डिसेंबरचं बुकिंग आहे, तेव्हा भिंत उघडी असेल.

चिरेबंदी
त्या खोल्या यंदा बंद ठेवा. चुना घाईने केला तर पुढच्या पावसात सुटतो.