नोकरी आणि बाजार दोन्ही अस्थिर असताना नाशिकमध्ये घर घ्यावे का?

निफाडकर:
मी अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो आणि पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 70 हजार असून त्यातले 46 हजार माझे आहेत. इंदिरानगरला 14 हजार भाड्याने राहतो. पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीतला 52 लाखांचा फ्लॅट आम्हा दोघांनाही मनापासून आवडला आहे. 40 लाखांचे कर्ज मिळेल असे दिसते. उरलेल्या रकमेत आमची बचत आणि वडिलांनी कांद्याच्या पैशातून देऊ केलेले आठ लाख आहेत.

अडचण अशी, की ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावल्यापासून आमच्याकडचा ओव्हरटाइम बंद झाला आणि पुढे काय होईल हे कारखान्यात कोणीच सांगू शकत नाही. कांद्याचे तर आपण सगळे जाणतोच. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलेला असताना 40 टक्के निर्यातशुल्क लागले आणि त्याच डिसेंबरात लाल कांदा बाजारात येत असताना निर्यातबंदी आली. त्या आठवड्यात वडील लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेले होते. लिलावात पुकारलेला भाव ऐकून ते परतल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. अशा काळात वीस वर्षांचे कर्ज अंगावर घ्यावे की थांबावे? एजंट म्हणतात, 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी घरांचे भाव चढतील, आताच बुकिंग करा.

कर्जविभागातला निवृत्त:
देशातली परिस्थिती कधी स्थिर होईल याची वाट पाहू नका, कारण बँकेतल्या माझ्या नोकरीच्या काळात ती पूर्ण स्थिर आहे असे कोणत्याच वर्षी वाटले नव्हते. पाहायचे ते एवढेच, की दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तर हप्ता भरता येईल का. 40 लाखांवर 8.5 टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे 34,700 रुपये येतो. पत्नीचा पगार थांबला तर तुमच्या 46 हजारांतून घरखर्चाला अकरा हजार उरतील आणि तुमचा थांबला तर त्यांच्या 24 हजारांतून हप्तादेखील भागणार नाही. म्हणून हे कर्ज तुमच्यासाठी मोठे आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. 30 लाखांचा हप्ता सुमारे 26 हजार होतो; सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता आले तर तेवढे तुम्ही पेलू शकाल.

व्याजदर बदलता आहे हेही विसरू नका. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला पण मुदत वाढत गेली, आणि कित्येकांना ते पुढे खातेउतारा पाहिल्यावर कळले. तुमच्या 40 लाखांवर सुरुवातीलाच दर एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांची मुदत पंचवीस वर्षांच्या पुढे जाते. दर वाढल्याची सूचना आली की हप्ता वाढवून मागा.

आणखी एक. 52 लाखांखेरीज बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 2 लाख 60 हजार, 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 3 लाख 12 हजार आणि नोंदणीचे 30 हजार असे सहा लाखांवर वेगळे लागतील. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. वडिलांच्या आठ लाखांतले बरेचसे यातच जातील, आणि ते कांद्याच्या भावावर अवलंबून आहेत. ते पैसे खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका.

पंचवटीची गृहिणी:
वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण मला बांधकाम चालू असलेल्या घराविषयी सांगायचे आहे. आम्ही काही वर्षांपूर्वी असाच फ्लॅट बुक केला होता. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबनंतर काम थांबले. दर रविवारी मुलाला घेऊन आम्ही तिथे जायचो आणि उघड्या सळया गंजून लाल होत गेलेल्या पाहायचो. एकीकडे घरभाडे आणि दुसरीकडे बँकेचे व्याज असे आम्ही अडीच वर्षे भरले. बाजार मंदावला की नव्या बुकिंगच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या इमारती सर्वांत आधी थांबतात, हे आम्हाला तेव्हा कळले.

म्हणून या अनिश्चित काळात घर घ्यायचेच असेल तर पूर्णत्वाचा दाखला मिळालेले घ्या. त्यावर जीएसटी लागत नाही आणि भाड्याचे पैसेही ताबडतोब वाचतात. खरेदी केवळ पत्नीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते. नवेच घ्यायचे ठरले तर बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे गेली हे स्वतः पाहा, आणि करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. कायद्याने ती मागताही येत नाही.

गोदाकाठचा:
सिंहस्थाचा मुद्दा राहिला. मेळ्यासाठी रस्ते आणि पूल होतात हे खरे आहे आणि त्याचा लाभ शहराला मिळतो, परंतु ज्याला स्वतः राहायचे आहे त्याने त्यासाठी घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. त्यापेक्षा नदी किंवा नाल्याजवळची जागा असेल तर पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर तपासा. सप्टेंबर 2008 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना ते अजून आठवते.

निफाडकर:
आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री पत्नीसोबत वहीत हिशेब मांडला आणि 52 लाखांचा फ्लॅट सोडायचे ठरवले. तिला त्या घराची पूर्वेकडची गॅलरी फार आवडली होती, त्यामुळे वाईट वाटलेच. आता 40 लाखांच्या आतले, पूर्णत्वाचा दाखला असलेले जुने घर सिडको आणि पाथर्डी फाटा परिसरात पाहत आहोत. वडिलांना फोन करून सांगितले, की पैशासाठी कांदा घाईने विकू नका. ते म्हणाले, चाळीतला माल अजून चांगला आहे, दिवाळीपर्यंत ठेवतो.