मदत हवी आहे: कार्बन एमटीबी सायकलची 'कट्-कट्' सापडत नाहीये

नमस्कार मंडळी,

पावसाळा संपल्यापासून माझी कार्बन हार्डटेल (कार्बन फ्रेमची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) कुरकुरतेय. सिंहगडाचा घाट चढताना उजव्या पायाचा जोर लागला की दर फेरीला एक 'कट्'. सपाटीवर गप्प. उभं राहून पेडल मारलं तर आवाज वाढतो, म्हणजे सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) नसावा. तरी तो काढून पुसला, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावली, ५ न्यूटन-मीटरला आवळला. (तिथे ग्रीस लावायचं नसतं हे मागे एकदा पोस्ट हळूहळू खाली सरकल्यावर कळलं होतं, असो.)

पेडलचे आटे साफ करून ग्रीस लावलं. चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) बोल्ट, मागचा थ्रू-ॲक्सल (चाकाचा आस), डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग जिथे बसतो ती पट्टी), सगळं उघडून पुसलं. हँगरनंतर दोन दिवस शांतता होती, मी पार्टी द्यायच्या बेतात होतो, तोच परत सुरू! पोकळ फ्रेम म्हणजे तबलाच. बसल्या जागी आवाज हँडलखालून वाटतो, मित्राने कान लावला तर म्हणे खालून.

आता संशय प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस जिथे फिरतो ती, फ्रेममध्ये दाबून बसवलेली बेअरिंग). एका दुकानात 'फ्रेमच गेली असेल' ऐकलं. नाण्याने ठोकून पाहिलं, कुठेही बद्द आवाज नाही, रंगावर तडाही नाही.

ठोकून काढलेली बेअरिंग परत वापरता येतात, की नवीनच घ्यायची? कप (बेअरिंगची बाहेरची वाटी) बसवताना ग्रीस की रिटेनिंग कंपाउंड (भाग जागेवर घट्ट धरणारा गोंद)? आणि पुण्यात बेअरिंग प्रेस (बेअरिंग दाबून बसवायचं हत्यार) बाळगणारा, हातोडी न उचलणारा कुणी मेकॅनिक माहीत आहे का?