शनिवारी हॉलमध्ये 'कुंकू' दाखवायचा का?

सी-५०१: मंडळी, शनिवारच्या सिनेमासाठी 'कुंकू' फायनल झालाय असं कळलं. १९३७ चा सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट, वर अडीच तासांहून मोठा. पोरं पंधरा मिनिटांत उठून जातील. काहीतरी हलकंफुलकं लावा ना.

बी-२०३: दादा, मी पण हेच म्हणत होते, पण मागच्या आठवड्यात लेकीबरोबर बसून परत बघितला आणि मत बदललं. सुरुवात जड जाते हे खरंय, बोलणं नाटकातल्यासारखं, काही सीन उगाच लांबलेत. पण अख्ख्या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाहीये, दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी मुद्दाम ठेवलं नाही, म्हणजे भांडी, पावलं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, जे त्या घरात वाजेल तेवढंच ऐकू येतं. हल्लीच्या सिनेमात अशा वेळी एवढं वाजवतात की आपल्याला काय वाटलं पाहिजे तेही तेच ठरवतात. लेकीने मध्येच फोन उलटा करून ठेवला, मी काही बोलले नव्हते.

ए-१०४ काकू: आमच्या आईला त्यातलं 'मन सुद्ध तुझं' गाणं अख्खं पाठ होतं 🙏 आणि शांता आपटेची नीरा काय ठाम उभी राहते गं! म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलंत ना, मग मी संसार करणारच नाही. तो वाईट नजरेचा सावत्र मुलगा, त्याला छडीने झोडपते ती. मी तर तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

सी-५०१: ते मान्य काकू, पण शेवट? बायको सुटावी म्हणून नवऱ्याने जीव द्यायचा आणि दुसरं लग्न कर अशी चिठ्ठी ठेवायची. म्हणजे परत परवानगी त्याचीच. आजच्या मुलींना कसं पटेल हे?

बी-२०३: लेक हेच म्हणाली, तिने सरळ घर सोडून जायचं ना. आम्ही रात्री एकपर्यंत वाद घालत बसलो होतो.

डी-३०२ काका: मुलीचं चूक नाही, पण तिला तेव्हाचा कायदा सांगा. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ पासून परवानगी होती. घटस्फोट मात्र काकासाहेबांसारख्या हिंदू घरात नव्हताच, मुंबई प्रांतात त्याचा कायदा आला १९४७ ला आणि देशभर १९५५ ला. म्हणजे नीराला दुसरं लग्न करायचं तर नवरा मरणं एवढाच रस्ता. आणि सिनेमा ज्यावरून केला त्या ना. ह. आपट्यांच्या कादंबरीचं नावच 'न पटणारी गोष्ट' आहे.

बी-२०३: काका, हे डोक्यातच नाही आलं! म्हणजे ती घर सोडून गेली असती तरी जन्मभर त्याची बायकोच राहिली असती. आता तर शेवट जास्तच अंगावर येतोय. जुना आहे म्हणून गोड मानून घ्या असं मी कुणालाच म्हणणार नाही, मुलींना राग येऊ दे की, राग येतोय म्हणजे सिनेमा अजून जिवंत आहे. फक्त संपल्यावर तुम्ही पाच मिनिटं हे सांगाल का?

डी-३०२ काका: सांगतो.

सी-५०१: बरं, मग आठऐवजी सातला सुरू करा, नाहीतर चर्चेला कुणी थांबणार नाही. आणि हॉलचे पंखे फार आवाज करतात, ते बघायला हवं. घड्याळ ऐकू आलं पाहिजे.