‘अमक्याची मिसेस’ नसलेल्या बाईला विश्वासानं ओळख दिली की नुसता मालक बदलला?

नगरची_लेक:
थोडं पर्सनल आहे पण लिहितेच. मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती, म्हणजे धर्म आयताच मिळालेला, संडे स्कूल, नाताळच्या करंज्या, सगळं. घटस्फोट होऊन माहेरी आले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की महिला मंडळात ओळख करून देताना प्रत्येक जण अमक्याची मिसेस नाहीतर तमक्याची आई असते, आणि माझ्यापाशी आलं की बाई अडखळायच्या. रात्री झोप यायची नाही म्हणून बायबलमधलं स्तोत्र 139 काढून बसायचे. आईच्या उदरात तू मला घडवलंस, असं आहे त्यात. लहानपणी बक्षिसासाठी घोकलेलं! तेव्हा डोक्यात शिरलं की माझी किंमत लग्नाच्या कितीतरी आधी ठरलीय, मग लग्न मोडल्यानं ती उतरेल कशी? सासरनं नाही, नोकरीनं नाही, विश्वासानं मला मी कोण ते सांगितलं. पटत नसेल तर बोला.

रोखठोक:
ताई, तुम्ही जे सोसलं त्याबद्दल आदर आहे. पण नवरा गेला आणि बाप आला, तोही आभाळातला. किंमत ठरवणारा कोणीतरी वर लागतोच का? आणि त्याच ग्रंथात, पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 14:34, बायकांनी मंडळीत गप्प बसावं. आवडलेलं स्तोत्र ठेवायचं, हे गुपचूप सोडायचं, असं कसं चालेल.

नगरची_लेक:
सोडत नाही हो. त्याच पत्रात 11:5 वाचा, तिथे बायका प्रार्थना करतायत, संदेश देतायत असं धरूनच पौल बोलतोय. आणि योहान 20 मध्ये येशू उठल्याचं सांगायला पहिल्यांदा कोणाला पाठवलं? मग्दालिया मरीयेला, एका बाईला. शिष्य पेत्र येऊन, कबर बघून घरी गेला होता.

वसईची_सून:
मी कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, तरी रोखठोकना अर्धे मार्क. घरी मारहाण चालू होती तेव्हा मला जे सांगायला आले त्यांनी इफिस 5:22 तोंडावर मारलं, पतीच्या अधीन राहा. त्याच्या वरच्याच ओळीत एकमेकांच्या अधीन राहा असं लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही, मला मी स्वतः वाचल्यावर कळलं. आणि कायदा बघा ना. 1869 चा आपला ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट कायदा, नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण बास, बायकोला मात्र व्यभिचार अधिक छळ किंवा टाकून देणं असं दुहेरी सिद्ध करावं लागायचं. बदल झाला 2001 ला!! मला उभं केलं माझ्या पगारानं, देव सोबत होता एवढंच म्हणेन.

जुनी_वही:
पंडिता रमाबाईंचं नाव कोणीच कसं काढलं नाही अजून? 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथल्याच चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनीच नको म्हटलं. त्यावर बाईंचं म्हणणं असं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं कधी असा आक्षेप घेतला नाही, मग हे कोण? वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांना लोकांनी छळलं ते.

रोखठोक:
अहो मग हेच तर म्हणतोय मी! ओळख बाई घरून घेऊन आल्या होत्या. चर्चनं फक्त कात्री लावायचा प्रयत्न केला.

नगरची_लेक:
कात्री बिशपांची. बाईंनी बिशपांचं ऐकलं नाही पण ख्रिस्त सोडला का? केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणल्या, शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, 1922 ला गेल्या. घरून विद्वत्ता आणली हे शंभर टक्के मान्य, पण विधवा म्हणून टाकलेल्या पोरींना तुम्ही कमी नाही हे कशाच्या जोरावर सांगितलं, तेही बघा. आणि लक्ष्मीबाई टिळक घ्या, नवरा 1895 ला ख्रिस्ती झाला, या झाल्या 1900 ला. मधली पाच वर्षं नवऱ्यामागे फरपटत गेल्या नाहीत.

रोखठोक:
लक्ष्मीबाईंचा मुद्दा चांगलाय. पाच वर्षं थांबणाऱ्या बाईला मी मानतो. पण ते थांबणं त्यांचं स्वतःचं, त्याचं क्रेडिट वर पाठवू नका.

वसईची_सून:
क्रेडिटचं राहू दे. नगरची ताई, मंडळात आता तुमची ओळख कशी करून देतात?

नगरची_लेक:
अजून अडखळतातच 😀 म्हणून त्यांच्या आधी मीच उठून नाव सांगते, नुसतं नाव. मागच्या वेळी पाळकसाहेबांच्या मिसेसनीही तसंच केलं आणि नंतर चहाला हळूच विचारतात, बरोबर केलं ना गं मी?