ऑफिसच्या टेबलावरच्या फौजी टोप्या नेमक्या कुणाला टोचतात?

कृष्णाकाठी:
परवा इथे 'ऑफिसचं टेबल म्हणजे घरची शोकेस नव्हे' असा धागा येऊन गेला. धागाकर्तीच्या बाजूच्या टीममधल्या एकाने म्हणे टेबलावर फौजी टोप्यांची रांग लावलीय, मागे घरच्यांचे वर्दीतले फोटो, आणि त्यामुळे बाईंना 'छावणीत बसल्यासारखं' वाटतं. खाली प्रतिसादांत 'देशभक्तीचं दुकान', 'एवढी हौस होती तर सीमेवर जायचं' वगैरे. तो माणूस मी नव्हे. पण माझंही टेबल तसंच आहे, म्हणून दोन दिवस गप्प बसलो आणि आता लिहितोय.

माझ्याकडे अकरा टोप्या आहेत. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावला भरती झाले. वडील सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मोठा भाऊ अजून नोकरीत आहे. आमच्या साताऱ्याकडे हे काही विशेष नाही. अपशिंग्याला तर गावाच्या नावामागेच 'मिलिटरी' लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आजोबांची हिरवी बेरे (लोकरीची मऊ गोल फौजी टोपी) आतून अजून तेलकट आहे, चामड्याच्या पट्टीवर त्यांच्या फौजेतल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे शाईने लिहिलेत. वडिलांची निळी लेबनॉनहून आलेली, युएनच्या शांतिसेनेची.

माझ्या समोरच्याच्या टेबलावर जपानी कार्टूनच्या बावीस बाहुल्या आहेत. पलीकडे मँचेस्टरच्या क्लबचा लाल स्कार्फ, मालक चिंचवडचा. त्यांना कुणी 'अजेंडा' विचारत नाही. मग माझ्या आजोबांच्या टोपीलाच का?

आणि 'सीमेवर जायचं' म्हणणाऱ्यांसाठी: गेलो होतो. धावलो, पास झालो, मेडिकलला बाद. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसला नाही. लाल-हिरवा मला कळत नाही. टोप्यांच्या आत मी रंगांच्या चिठ्ठ्या लावल्यात, नाहीतर कुठली मरून आणि कुठली हिरवी हे मला बायकोला विचारावं लागतं.

तिसरा_मजला:
मूळ धागा माझाच. बाई नाही, बाप्या आहे मी. पण असो.

तुम्ही आजोबांच्या टोपीबद्दल लिहिलंत, मी लिहिलं होतं रांगेबद्दल. फरक आहे. एक फोटो, एक टोपी म्हणजे आठवण. अकरा टोप्या उंचावर मांडून वर लाइट सोडला की ते बघणाऱ्यासाठी असतं. बाहुल्यांसमोर मी खळखळून हसू शकतो, 'काय हे पोरकट' म्हणू शकतो. तुमच्या टोप्यांसमोर म्हणून दाखवू का? दुसऱ्या दिवशी मी देशद्रोही. ज्या वस्तूची चेष्टा करता येत नाही ती कामाच्या जागी मांडणं म्हणजे समोरच्याचं तोंड बंद करणं, एवढंच माझं म्हणणं.

शेंगाकूट:
+१. आमच्याकडे आधी गणपती आला, मग साईबाबा, मग एका साहेबांचा नेत्याबरोबरचा फोटो. शेवटी एचआरने मेल काढला की टेबलावर फक्त पाण्याची बाटली. एकाची हौस, सगळ्यांना शिक्षा.

फौजीची_लेक:
फौजेची तुलना साईबाबांशी आणि नेत्यांशी? धन्य आहे.

माझे बाबा वर्षातून दोन महिने घरी असायचे. दहावीचा निकाल त्यांना पत्राने कळला, पत्र पोचेपर्यंत माझी अकरावीची ॲडमिशन झाली होती. आता ते नाहीत. माझ्या टेबलावर त्यांचा एकच फोटो आहे, पीक कॅप काखेत धरलेला. 'हा कोण, आर्मीवाला का?' असं कुणी विचारलं तर मी दोन मिनिटं बोलते. ती दोन मिनिटंही तुम्हाला जड होत असतील तर तुमचं काय करायचं?

तिसरा_मजला:
ताई, एक फोटो चालतो असंच वर लिहिलंय मी. वाचा तरी.

फौजीची_लेक:
'चालतो'! परवानगी दिल्याबद्दल आभारी आहे.

गुलमोहर_चौक:
@कृष्णाकाठी, अकरापैकी घरच्या किती? आजोबा पायदळ, वडील सिग्नल्स, भाऊ कुठे ते लिहिलं नाहीत. मरून कुणाची?

कृष्णाकाठी:
घरच्या चार. बाकी जमवलेल्या. मरून पुण्याच्या जुन्या बाजारातून, रविवारी सकाळी. गुरखा हॅट वडिलांच्या दोस्ताने दिली. पसरट काठाचं लोखंडी हेल्मेट मुंबईच्या चोरबाजारातलं.

गुलमोहर_चौक:
झालं तर मग! मरून बेरे पॅराची, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या पलटणींची. ती लोक रक्त आटवून मिळवतात, प्रोबेशनमध्ये अर्ध्याहून जास्त गळतात म्हणे. तुम्ही ती भंगारातून उचलून आजोबांच्या शेजारी ठेवलीत. मी स्वतः पंधरा वर्षं तोफखान्यात काढली, माझ्या घरी मरून नाही, कारण माझी नाही. घरचे फोटो ठेवा, सलाम आहे. पण विकतचा मान मांडू नका.

घाटमाथा:
पॅरा आणि मराठा वेगळे कुठे? २ पॅरा मूळची मराठ्यांचीच पलटण. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला पॅराशूटने उतरली ती हीच. सातारकराने मरून ठेवली तर बिघडलं काय?

गुलमोहर_चौक:
पलटण मराठ्यांची होती, टोपी जुन्या बाजाराची आहे.

क्रीझवर_उभा:
मग धोनीचं काय? २०१९ च्या वर्ल्डकपात साउदम्प्टनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ग्लव्हजवर बलिदान चिन्ह होतं, आयसीसीने काढायला लावलं. तेव्हा सगळा देश पेटला होता. तेही 'कामाची जागा'च.

गुलमोहर_चौक:
तिथेही आयसीसी बरोबरच होती. बलिदान स्पेशल फोर्सेसचं. धोनी मानद लेफ्टनंट कर्नल, टेरिटोरियल आर्मीच्या पॅरा बटालियनचा. आग्र्याला विमानातून पाच उड्या मारल्या, विंग्ज (पॅराशूट उडीचं चिन्ह) कमावल्या, त्याबद्दल आदर आहे. पण विंग्ज वेगळ्या, बलिदान वेगळं.

क्रीझवर_उभा:
म्हणजे आता धोनीला सर्टिफिकेट तुम्ही देणार? माणूस काश्मीरमध्ये युनिटबरोबर राहून आला!

घाटमाथा:
आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रांचीला अख्खी टीम छलावरणाच्या टोप्या घालून ऑस्ट्रेलियाशी खेळली तेव्हा आयसीसीला चाललं. मॅच फी राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली होती. मग नियम कुठे गेला?

शेंगाकूट:
ती परवानगी काढून घातलेली होती. मुद्दा तोच तर आहे राव, आधी विचारा. शिवाय ती मॅच हरलो होतो.

क्रीझवर_उभा:
हरलो म्हणून काय? विषय काय, बोलता काय. तुमच्यासारख्यांमुळेच

क्रीझवर_उभा:
चुकून अर्धवट गेलं. जाऊ दे, पूर्ण करत नाही.

ढगांखाली:
मी पुण्यात वाढलेय, आई मराठी, वडील नागालँडचे. धोनी संपला असेल तर दोन ओळी.

डिसेंबर २०२१ मध्ये मोन जिल्ह्यात ओटिंगला खाणीतून घरी परतणारे मजूर फौजेच्या गोळीबारात मेले. अतिरेकी समजून. माझ्या वडिलांचं गाव तिथून लांब आहे, नात्यातलं कुणी नव्हतं, उगाच रडगाणं गात नाही. पण लहानपणी सुट्टीत गेलं की चेकपोस्टवर बस थांबायची, सगळ्यांना उतरवायचे. हेल्मेटखालचा चेहरा दिसायचा नाही, मी आईचा पदर धरायचे. आज माझ्या समोरच्या टेबलावर तसंच हेल्मेट असतं तर मी तक्रार केली नसती. फक्त खुर्ची दुसरीकडे मागितली असती, कारण सांगितलं नसतं. तिसरा_मजला यांचं 'तोंड बंद' वालं वाक्य एवढ्यासाठी पटलं.

घाटमाथा:
आलं. मला वाटलंच होतं, कुणीतरी हा सूर लावणार. एका चुकीवरून सगळी फौज?

ढगांखाली:
सगळी फौज कुठे म्हटलं? हेल्मेट म्हटलं. बघा, दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिसरा_मजला:
धागा इथे संपायला हरकत नाही.

खाकी_डबा:
संपत नाही, थांबा. तुम्ही सगळे टोपीवर भांडताय. तुमच्या ऑफिसच्या गेटवर उभा असतो तो कोण? माझे सासरे. सतरा वर्षं फौजेत काढून चाळिशीच्या आत हवालदार म्हणून बाहेर पडले. आता एजन्सीच्या निळ्या शर्टात बारा तास. एजन्सीनेही त्यांना टोपी दिलीय, पुठ्ठ्याची, समोर प्लास्टिकचं कसलंतरी चिन्ह. पावसात पुठ्ठा फुगतो, मग ते ती चुलीजवळ वाळवतात. आत टेबलावर टोप्या मांडणारा गाडीची काच न उतरवता कार्ड दाखवतो. परवा एकाने 'ए काका, गाडी पुसून ठेव' म्हटलं. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर सैनिकाच्या सावलीचं स्टिकर होतं.

फौजीची_लेक:
हे वाचून गप्प झाले.

शेंगाकूट:
आमच्याकडे बसायला खुर्ची पण नाही गार्डला. 'ॲलर्ट दिसत नाही' म्हणे.

कायद्याचं_बोला:
एक शंका सगळ्यांच्या मनात असेल म्हणून: वर्दी किंवा तसली खूण घालून सैनिक असल्याचं भासवणं हा गुन्हा, न्याय संहितेचं कलम १६८. कपाटात ठेवण्याबद्दल ते नाही. बाकी २०२२ पासूनच्या नव्या डिजिटल छापाच्या लढाऊ गणवेशाचं डिझाइन सैन्याने स्वतःच्या नावावर नोंदवलंय, त्या छापाची टोपी बाजारात दिसली तर विकत घेऊ नका.

गुलमोहर_चौक:
कायदा नाही मोडला तरी लाज मोडते.

कृष्णाकाठी:
सकाळपासून मीटिंगा होत्या, आत्ता वाचलं. कुणाकुणाला उत्तर देऊ?

गुलमोहर_चौक, तुमचा मरूनचा मुद्दा मला झोंबला, कारण वडील हेच म्हणाले होते. त्यांनी पहिल्यांदा माझं टेबल पाहिलं तेव्हा स्वतःच्या टोपीकडे बघितलंसुद्धा नाही. मरून उचलली, आतून बघितली, नंबर खोडलेला होता. 'कुणाची आहे?' मी म्हटलं माहीत नाही. त्यांनी ठेवून दिली आणि कँटीनमध्ये चहा पिताना एवढंच म्हणाले, 'नंबर कुणी उगाच खोडत नाही.' मी तेव्हा हसलो होतो.

तर मरून घरी नेतोय. तुमच्यासाठी नाही.

ढगांखाली, हेल्मेट आत्ताच पेडेस्टलच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. बसत नव्हतं, कलतं करून ठेवलं, आता ड्रॉवर पूर्ण लागत नाही. माझ्या समोर तुम्ही बसत नाही हे मला माहीत आहे. पण समोर जो बसतो त्याला मी कधी विचारलं नव्हतं, आज विचारलं. तो म्हणाला, 'मला वाटायचं ते डोसा तव्याचं झाकण आहे.'

तिसरा_मजला, तुम्हाला मात्र काही देणार नाही. आजोबांची, वडिलांची, भावाच्या दोन, आणि तिन्ही फोटो राहणार. लाइट पण राहणार.

तिसरा_मजला:
अकरावरून चारवर आलात. मला आणखी काय हवं होतं? लाइट लखलखत राहू दे, विजेचं बिल कंपनी भरते.

कृष्णाकाठी:
पाच. गुरखा हॅट दोस्ताने दिलेली आहे, ती पण राहणार.

गुलमोहर_चौक:
त्या दोस्ताचा नंबर आहे आत?

कृष्णाकाठी:
आहे. बघितला आत्ता.

गुलमोहर_चौक:
मग ठीक. आणि बॅजवर हाऊसकीपिंगच्या पोराला काच पुसायचा स्प्रे मारू देऊ नका, काळे पडतात. ब्रासो, जुनी बनियन, आणि लोकरीला लागणार नाही असा खाली पुठ्ठा धरायचा.

खाकी_डबा:
पुठ्ठा हवा असेल तर सासऱ्यांच्या टोपीतला निघालाय.