चार चॅनेलचं हेलिकॉप्टर जागेवर उभं राहतच नाही. यंत्र बिघडलंय की अंगठा?

दांडियाबाजारी:

नमस्कार मंडळी. वडोदऱ्याहून लिहितोय. दांडिया बाजारात जुनं घर आहे, वर अगाशी. खताच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो, आता निवृत्त. सगळी नोकरी कंट्रोल व्हॉल्व आणि हट्टी लूप (मोजमाप बघून व्हॉल्व आपोआप हलवणारी यंत्रणा) ट्यून करण्यात गेली. हे अशासाठी सांगतो की "काका, प्रॅक्टिस करा" एवढंच कोणी लिहू नये. ते भाच्याने सांगून झालंय. मला कारण हवंय.

नातवासाठी एक छोटं हेलिकॉप्टर आणलं होतं. तीन चॅनेलचं (म्हणजे रिमोटवरून तीन वेगळे हुकूम), एकावर एक दोन पंखे, इन्फ्रारेड रिमोट. ते मी पहिल्याच संध्याकाळी दिवाणखान्यात मधोमध अधांतरी उभं केलं. रिमोटची काठी सोडली तरी बिचारं तरंगत राहायचं. उन्हात अगाशीवर नेलं की रिमोटचं ऐकत नसे, पण ते समजण्यासारखं आहे, उन्हाच्या इन्फ्रारेडपुढे त्या दोन दिव्यांचं काय चालणार. सौ. म्हणाल्या, "बरं जमतं की तुम्हाला." मग भाचा म्हणाला, मामा, हे खेळणं झालं, आता खरं घ्या.

खरं म्हणजे चार चॅनेलचं, एकच मुख्य पंखा, शेपटीला उभा छोटा पंखा, वर फ्लायबार (पंख्याबरोबर फिरणारा, तोल सांभाळणारा दांडा), २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. तळहातावर ठेवलं तर वजन कळत नाही. आणि तेव्हापासून आमच्या घरात शांतता नाही.

उठतं न उठतं तोच डावीकडे घसरतं. ट्रिम (रिमोटवरच्या बटणाने द्यायची कायमची बारीक दुरुस्ती) देऊन सरळ करावं तर थोड्या वेळाने शेपूट आपणहून फिरायला लागते, पुन्हा ट्रिम. पडलं तरी लागू नये म्हणून मी ते जमिनीपासून चार बोटांवर ठेवतो, तर तिथेच त्याच्या अंगात सगळ्यात जास्त येतं. वळवायला काठी डावीकडे करावी तर वळत नाही, आडवं सरकतं, आणि आमच्याकडे डावीकडे काचेचं कपाट आहे. कपाटात सौ.च्या माहेरच्या बरण्या आहेत. पुढचं लिहीत नाही.

शिवाय छताचा पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिल महिना, बडोदं. मी उडवतो तेव्हा घरातली माणसं घाम पुसत माझ्याकडे अशी बघतात की जणू वीज मीच घालवली. अगाशीवर जावं तर उत्तरायण होऊन इतके दिवस झाले तरी पाण्याच्या टाकीमागून मांज्याचे तुकडे निघतातच. परवा एक शेपटीच्या पंख्यात गुंडाळला गेला.

पण मुख्य तक्रार वेगळीच आहे. डावीकडे गेलं म्हणून उजवीकडे देतो. थांबतं, आणि लगेच उजवीकडे पळतं, आधीपेक्षा जोरात. मग डावीकडे. प्रत्येक फेरीला झोका मोठा. कारखान्यात लूप असा वागला असता तर मी गेन (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं ते) निम्मा करून जेवायला गेलो असतो. इथे तेही करून पाहिलं, काठी अगदी हळू हलवली. झोके सावकाश झाले, थांबले नाहीत.

यंत्रात दोष आहे का? काय काय तपासू?

फोमकापू:

काका, प्रॅक्टिस करा. (रागावू नका, कोणीतरी लिहिणारच होतं.)

आता कामाचं. बॅटरी काढा आणि मुख्य दांडा बोटांनी सावकाश फिरवून बघा. वाकला असेल तर वरचं डोकं किंचित डोलताना दिसेल. दांड्याच्या बुडाशी आणि शेपटीच्या मोटरच्या आसाला केस गुंडाळलेत का ते भिंगातून बघा. घरातल्या घरात उडवणाऱ्यांच्या यंत्रांत बायकांचे लांब केस हा नंबर एकचा रोग आहे, मांजा परवडला, निदान दिसतो तरी. पात्यांचे स्क्रू करकचून आवळू नयेत. हेलिकॉप्टर आडवं धरलं की पाती स्वतःच्या वजनाने हळूच खाली वळली पाहिजेत. टोक चिरलेलं पातं फेकून द्या, चिकटपट्टी लावून चालवू नका.

आणि बॅटरी जोडता तेव्हा ते कुठे ठेवलेलं असतं?

दांडियाबाजारी:

दांडा सरळ. शेपटीत केस निघाला, पांढरा, म्हणजे आरोपी कोण ते घरात ठरायचं आहे. स्क्रू मात्र आवळलेले होते, दुकानातूनच तसे आले.

बॅटरी हिंचक्यावर बसून जोडतो. का?

फोमकापू:

हिंचक्यावर! काका, बॅटरी जोडल्यावर पहिले काही सेकंद आतला जायरो (अंग फिरतंय का ते ओळखणारा भाग) "स्थिर म्हणजे काय" ते शिकत असतो. तो झोका घेत असताना शिकला तर त्याच्या हिशेबी तुमचं घरच फिरतंय. सपाट जमिनीवर ठेवा, जोडा, हात काढा, दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका.

तिसरा_मजला:

काका, मी पुण्यात घरातच उडवते, म्हणून लिहिते. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी दोष नाहीतच. चार चॅनेलचं हेलिकॉप्टर असंच असतं, फक्त डब्यावर तसं लिहीत नाहीत.

आधी ते कपाट. तीन चॅनेलच्या खेळण्यात उजवी काठी डावीकडे केली की हेलिकॉप्टर जागच्या जागी वळतं. वरच्या-खालच्या पंख्यांच्या वेगात फरक पडतो आणि अंग फिरतं. आडवं सरकण्याची सोयच त्यात नाही. चार चॅनेलमध्ये (रिमोटवरच्या काठ्यांची वाटणी मोड २ ची असेल तर, आपल्याकडे बहुतेकांची तीच) वळणं डाव्या काठीवर गेलं, थ्रॉटलच्या (पंख्याच्या वेगाच्या) शेजारी. उजवी काठी डावीकडे म्हणजे आता आडवं झुकणं. तुमचा अंगठा जुन्या यंत्राचं शिकलेलं अगदी इमानदारीने करतोय. म्हणून माझा सल्ला, थोडे दिवस ते दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर नातवाकडेच राहू द्या. दोन्ही आलटूनपालटून उडवलीत तर काहीच बसणार नाही.

डावीकडे घसरणं. वरून पाहिलं तर मुख्य पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर अंग उलट दिशेने फिरू पाहतं. त्याला अडवायला शेपटीचा पंखा शेपूट डावीकडे रेटत असतो. पण तो नुसती शेपूट थोडीच रेटतो, सगळं हेलिकॉप्टरच रेटतो. म्हणून जागेवर उभं असलेलं एक-पंखी हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे कललेलं असतं, आणि तेच बरोबर आहे. तुम्ही ते डोळ्याला सरळ दिसेपर्यंत ट्रिम करत असाल तर ते घसरणारच. दोन पंखे उलटसुलट फिरणाऱ्यात हा प्रकार नसतो, टॉर्क (अंग उलटं फिरवणारा जोर) आपसात मिटतो. आपल्या नौदलाचं कामोव्ह-३१ तसंच आहे, एकावर एक पंखे, शेपटीला पंखा नाही.

चार बोटांचं तर अगदी उलटं करा. पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत वर येते. पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीच्या आत हा गोंधळ सगळ्यात जास्त. तुमच्या यंत्राचा व्यास वीतभर धरला, तर गुडघ्याच्या उंचीला ते एकदम शहाण्यासारखं वागेल. घाबरून खाली ठेवणं म्हणजे नेमकं वाईट जागी ठेवणं. घाबरत घाबरत उचलूही नका, थ्रॉटल ठामपणे द्या, उजवीकडे कणभर, आणि त्या घाण हवेतून बाहेर काढा. खाली चटई असेल तर गुंडाळून ठेवा. सरकत उतरताना पाय चटईत अडकतो आणि उलटतं. लादीवर ते नुसतं घसरतं.

खोली लहान असेल तर भिंतींवरून परत येणारी हवाही तेच करते. दिवाणखान्यातच उडवा, आणि कपाटाकडे पाठ करून उभे राहा.

शून्य_थ्रॉटल:

दांडियाबाजारी साहेब, तुमच्या मुख्य तक्रारीचं उत्तर तुमच्याच भाषेत देतो. मी पॉवर प्लांटवाला.

ही लेव्हलची टाकी नाही. काठीने तुम्ही झुकाव देता. झुकावाने त्वरण मिळतं. त्वरण साठून वेग होतो, वेग साठून जागा बदलते. म्हणजे तुमच्या हातात आणि तुम्ही बघताय त्या गोष्टीत एकामागे एक दोन इंटिग्रेटर (साठवत जाणारे टप्पे) बसलेत, वर डोळ्यापासून अंगठ्यापर्यंतचा उशीर. आणि तुम्ही काय करताय? "जागा चुकली, तितकं उलट द्या." शुद्ध पी कंट्रोलर, चूक जितकी तितकंच उत्तर. दोन इंटिग्रेटरवर नुसता पी लावला तर गेन कितीही कमी करा, झोका थांबत नाही, सावकाश होतो इतकंच. उशीर धरला की वाढतो. तुम्ही जे पाहिलंत ते पुस्तकातलं वागणं आहे.

डी (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग) लावा. जागा बघू नका, वेग बघा. डावीकडे सरकायला लागलं की उजवीकडे छोटा टोला, आणि काठी लगेच परत मधे. ते थांबायच्या आधीच परत. थांबताना दिसलं की उलट बाजूला अर्धा टोला. जागेवर परत आणायचा हट्ट सोडा, आधी नुसतं थांबवायला शिका. ते खोलीत जिथे थांबेल तिथे थांबू दे, बरण्या सोडून.

दोन-पंखी खेळणं हा डी स्वतःच लावत होतं. त्याच्या वरच्या पंख्याला जोडलेला वजनदार दांडा आपली पातळी सोडायला तयार नसतो, म्हणून हात सोडला तरी चालायचं.

शेपटीचंही असंच. या स्वस्त यंत्रांतला जायरो फिरण्याचा वेग आवरतो, दिशा धरून ठेवत नाही. पात्यांचा कोन कायम, उंची कमीजास्त करायची ती पंख्याचा वेग बदलून, म्हणजे थ्रॉटल हलला की टॉर्क बदलला, शेपूट हलली. बॅटरी ४.२ व्होल्टवरून उतरत जाते तसा दोन मोटरींचा हिशेब बदलत जातो, म्हणून पहिल्या मिनिटाचं ट्रिम शेवटच्या मिनिटाला चालत नाही. त्याच्या मागे लागू नका. डाव्या अंगठ्याने धरून ठेवायची सवय करा.

दांडियाबाजारी:

शून्य_थ्रॉटल, वाचून हसू आलं आणि रागही आला. तरुण इंजिनियरांना "डेरिव्हेटिव्हला हात लावू नका, नॉइज वाढतो" म्हणून मीच दरडावायचो.

ताई, कपाटाकडे पाठ केली. गुडघ्याच्या उंचीवर खरोखरच वेगळं यंत्र वाटतं. चटईचं मात्र पटवून घ्यायला वेळ लागला, सौ.ना वाटलं लादीवर पडलं तर तुटेल. टोला देऊन काठी मधे आणायचं अर्धंमुर्धं जमतंय. बॅटरी संपेपर्यंत हवेत राहतं, एका जागी नाही, पण राहतं. दारातून सरळ ओट्यावर जाऊन शेजाऱ्यांच्या स्कूटरवर उतरलं तेवढं सोडा.

नवीन अडचण. ते माझ्याकडे तोंड करून आलं की मी निरक्षर होतो. डावं-उजवं सगळं उलट. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही आत बसलाय असं समजा. मी आत बसून बघतो तर पोटात ढवळतं.

आणि पडताना थ्रॉटल आपोआप वर जातो. हात ऐकत नाही.

तिसरा_मजला:

आत बसायचं नाही. समोरासमोर असताना एकच नियम: ज्या बाजूला पडतंय त्याच बाजूला काठी न्या, टेकू दिल्यासारखी. डावं-उजवं मनात म्हणायचंच नाही. आणि एकदम समोर आणू नका. शेपूट तुमच्याकडे, मग थोडं तिरकं, मग बाजू, मग दुसरी बाजू. तिरक्यावर महिना गेला तरी चालेल.

फोमकापू:

थ्रॉटल वर जाणं सगळ्यांचंच होतं, आणि त्यातच मोटर जळते. पंखा अडकलेला आणि वीज चालू. उभ्याउभ्या सराव करा, नातवाने "पडलं!" ओरडायचं आणि तुम्ही डावा अंगठा खाली. हेलिकॉप्टर नसताना. पातं दहा मिनिटांत बदलता येतं, मोटर सोल्डर करावी लागते. तुम्हाला सोल्डरिंगचं काय म्हणा.

बॅटरी उडवून उतरल्यावर गरम असताना चार्जरला लावू नका. ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, उचल कमी झाली की उतरवा. वापरायची नसेल तेव्हा भरून ठेवू नका, ३.८ च्या आसपास असावी. आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नाही. फुगलेली दिसली की निवृत्त करा.

शून्य_थ्रॉटल:

हात बसल्यावर बाहेर जावंसं वाटेल. पहाटे, पानही हलत नसताना. पोलो ग्राउंड मोठं आहे, पण हरणीचा विमानतळ लांब नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टरही येतं. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो वर्गात मोडतं, त्याला पायलटचा परवाना लागत नाही, पण विमानतळाजवळचे निर्बंधाचे पट्टे त्यालाही चुकत नाहीत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघून मगच जा. घरात कोणी विचारत नाही.

दांडियाबाजारी:

पोलो ग्राउंडवर सकाळी चालायला येणारे सगळे ओळखीचे. त्यांच्यासमोर नको, अजून नको.

शेपटीचे पंखे आणि पाती मागवतोय. आणखी काय घेऊन ठेवू?

फोमकापू:

शेपटीची मोटर. दोन घ्या. वायरीचे रंग आधी बघून घ्या, उलट जोडली तर ती उलटी फिरते आणि तुम्ही पुन्हा इथे विचारायला याल.